मुलगी पास झाली, शिकवलं आईने

आमच्या पार्ल्याच्या क्लासमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत, डस्टर आपटलं तरी दोन पडतात! इथे येणारे सगळे विमान उडवायला शिकवणारे इन्स्ट्रक्टर. पण दोन इंजिनांचं विमान शिकवायचं तर परवान्यावर आणखी एक रेटिंग चढवावं लागतं. त्याची पुन्हा टेस्ट, आणि टेस्टमध्ये परीक्षकच विद्यार्थी होऊन मुद्दाम चुका करतात.

*

इन्स्ट्रक्टरला विमान उडवता उडवता सगळं बोलून दाखवावं लागतं. मुलुंडच्या मंदारला ही सवय इतकी लागली, की स्कूटरवर मागे बसलेल्या बायकोला म्हणाला, "आता मी हलकेच ब्रेक दाबतोय. तू समोर क्षितिज बघ."

"मला खड्डा दिसतोय रे!"

*

कंट्रोल दुसऱ्याच्या हाती देताना समोरचा "आय हॅव कंट्रोल" म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत, हा नियम. मंदारने बाळ सासूबाईंकडे दिलं आणि सोडेचना! म्हणे, "आई, आधी म्हणा ना!"

"आधी त्याचं नाक पुसा," सासूबाई म्हणाल्या.

*

घाटकोपरच्या सुषमा कांबळेच्या किश्श्याला मात्र हसू येईना. दोनदा नापास. कारण एकच, विद्यार्थी चुकायच्या आत ही कंट्रोल ओढून घ्यायची. मी फळ्यावर मुद्दाम चुकीचा आकडा लिहिला. तीन सेकंदांत डस्टर तिच्या हातात!

"सर, बघवत नाही हो," म्हणाली, आणि डोळे भरले. तिसऱ्यांदा वाट लागली तर फ्लाइंग क्लबमधली इन्स्ट्रक्टरची नोकरी दुसऱ्याला जाणार होती. मला फार वाईट वाटलं, पण यावर माझ्याकडे धडा नव्हता.

*

तिसरी टेस्ट. परीक्षक साहेबांनी वर गेल्यावर डावं इंजिन मंद केलं आणि अगदी नवशिक्यासारखं चुकीच्या पायाने पेडल दाबलं. विमान वळायला लागलं. सुषमा हात मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाली, "उजवा पाय." साहेब ऐकेनात. तिने आणखी थोडं थांबून, नेमक्या वेळी कंट्रोल घेतले.

खाली उतरल्यावर साहेबांनी कागदावर सही केली. "मागच्या वेळी तर तुम्हाला थांबवत नव्हतं. हे शिकवलं कोणी?"

"आईने. रविवारी तिच्यासमोर भाकरी थापत होते. भाकरी मोडली, तरी तिने हात लावला नाही. पण माझी बोटं तव्याला लागायच्या आत मनगट धरलं. म्हणाली, भाकर मोडू दे गं, हात भाजायच्या आत मी हाय ना."

पायलटांचा अनुभव उड्डाणाच्या तासांत मोजतात, म्हणून साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "त्यांचे अवर्स किती?"

"लिहून ठेवले नाहीत सर. तीस वर्षं, रोज दोन वेळा."