मिरवणुकीचं एकच तिकीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. कुठून सुरू करावं हेही नीट कळत नाही — म्हणून ते मला जिथे सारखं आठवतं, तिथूनच करते.

तुमसरला माझं ब्युटी पार्लर आहे. दोन खुर्च्या आणि एक मोठा आरसा, एवढंच. सुट्या जवळ आल्या की आयब्रो करून घेता घेता बायका विचारतात, "जयाताई, तुमी जाऊन आल्या न त्या मोठ्या पार्कात? पोरं मागं लागून राहिले. तिथं म्हणे तिकिटावर अजून कायकाय घ्याले लावते. काय घ्यावं, काय सोडावं?"

मी सांगते. मोठी जाणकार असल्यासारखी सांगते. रांग टाळायचा मनगटपट्टा मिळतो, तो सुटीच्या गर्दीत घ्याच; नाही तर एकेका पाळण्यासाठी दीड तास उभं राहावं लागतं. जेवणाचं कुपन घेऊ नका, उन्हात पोरं खात नाहीत. लॉकर घ्या. पार्कातल्याच हॉटेलात राहायची हौस असेल तर एकच रात्र राहा, खोलीत बसायला कोण जातं तिथे?

आणखी एक गोष्ट असते. लहान मुलींना राजकुमारीचा पोशाख घालतात, केस कुरळे करतात, मुकुट चढवतात आणि संध्याकाळच्या मिरवणुकीत रथावर बसवतात. त्याचं वेगळं तिकीट असतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर मी म्हणते, "ते बंद झालं वाटते आता."

बंद झालं की नाही, मला माहीत नाही. मी कधी चौकशीच केली नाही.

आठ वर्षं झाली. माझी सावी तेव्हा अकरा वर्षांची होती. माझी मोठी जाऊ, वनिताताई, लाखांदूरकडच्या गावात राहते — धानाची शेती, चार बकऱ्या, दारात शेवग्याचं झाड. तिची मुक्ता सावीच्याच वयाची. दोघींचं मेतकूट असं, की सुटीत एक इकडे नाही तर दुसरी तिकडे. पार्कात जायचं ठरलं तेव्हा सावीनं पहिलं हेच विचारलं, "मुक्ता येईन न?"

दिवाळीच्या सुट्या म्हणजे धान कापणीचे दिवस. ताई आणि मोठे भाऊजी शेत सोडून येऊच शकत नव्हते. मग ताई स्वतः एसटीनं तुमसरला मुक्ताला सोडायला आली. जाताना माझ्या हातात एक पाकीट दिलं. जुन्या लग्नपत्रिकेचं होतं, वरचा गणपती अर्धा पुसलेला. दोन बकऱ्या विकून तिनं ते पैसे केले होते.

"जे सावीले, ते मुक्ताले," ती म्हणाली. "कमी पडलं तं सांगजो, मी भरून देईन. पण माह्या पोरीले तिथं मन माराले नको लावजो, जया."

मी म्हटलं, "ताई, मी परकी आहे का?"

हे माझेच शब्द आहेत. मी विसरले असते तर बरं झालं असतं.

आता यानंतरचं मी स्वतःला इतकी वर्षं कसं सांगत आले, ते आधी सांगते. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी हॉटेलात मिळालेली खोली भटारखान्याच्या डोक्यावर होती. तेलाचा वास, भिंतीला ओल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, थोडे जास्त भरले तर तलावाच्या बाजूची खोली मिळेल. सावीचे बाबा सामानाजवळ थांबले होते. मी पर्समधून पाकीट काढलं आणि त्यातून भरले. मुक्ताही त्याच खोलीत झोपणार होती ना? मग तिच्या आईच्या पैशातून थोडे गेले तर काय बिघडलं? त्यामुळे दुसऱ्या दिवशी पोशाखाला पैसे उरले नाहीत. नाइलाज झाला.

असं मी स्वतःला सांगत आले. इतक्या वेळा सांगितलं की ते घडलंच होतं असं वाटायला लागलं.

पण पैसे उरले होते. खोलीचे भरूनही पाकिटात एका पोशाखाला पुरतील एवढे होते, वर थोडे शिल्लक राहिले असते. मला हे तेव्हाही माहीत होतं. मी मोजले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनीही पट्टे घेतले, सगळे पाळणे केले. मुक्ता सगळ्यांत उंच घसरगुंडीवरून तीनदा आली. सावी भ्यायली, खालीच उभी राहिली. दुपारी चारच्या सुमारास त्या पोशाखाच्या दालनापाशी आलो. काचेच्या आत मुली आरशापुढे बसलेल्या, मागे पांढऱ्या एप्रनमधल्या बायका. माझ्याच धंद्यातलं काम. सावी काचेला नाक लावून उभी राहिली. मुक्तानं फक्त माझ्याकडे बघितलं — काही मागितलं नाही, पण चेहरा उजळला होता. तिला ठाऊक होतं, आपल्या आईनं पैसे दिलेत.

आणि तिचा तो चेहरा मी माझ्या पार्लरच्या नजरेनं पाहिला.

कसं सांगू? मुक्ता देखणी आहे. लहानपणापासून. रंग, केस, मान ताठ धरायची पद्धत — तिला काही करावं लागत नाही. घरातल्या कुठल्याही लग्नाचा फोटो काढा, माणसं आधी विचारतात, ही कुणाची? आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सावीबद्दल कुणी काही विचारत नाही. मी रोज दहा बायकांचे चेहरे खुलवते, पण माझ्या पोरीच्या बाबतीत मला एक गोष्ट कळून चुकली होती — मुक्ता शेजारी असली की सावी दिसतच नाही. दोघींना एकाच रथात बसवलं असतं तर लोकांनी कुणाकडे पाहिलं असतं?

मला एक संध्याकाळ हवी होती. एकच, जिच्यात माझी पोरगी एकटी दिसेल.

मी काउंटरवर गेले आणि एक तिकीट घेतलं.

परत आले तेव्हा मुक्ता माझ्या हाताकडे बघत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला — हो, तेही केलं — आणि म्हणाले, "बेटा, तुह्या आईनं सांगतलं होतं, असल्या गोष्टीवर पैसे घालवू नको म्हणून. मी काय करू आता?"

"आईनं असं म्हटलं?"

"हो."

एवढंच विचारलं तिनं. रडली नाही, हट्ट केला नाही. सावी म्हणाली, "मंग मी बी नाई बसत." तर तिला मुक्तानंच आत ढकललं. सावीचे बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी असं कायले म्हणन? मी भरतो न तिचे." मी म्हटलं, "ताईंच्या शब्दाबाहेर जाऊ नका. त्यांना वाईट वाटेल." बघा, किती पटकन सुचलं. माझ्या बोलण्यावर शंका घ्यायची सवय त्यांना नाही.

सावी तयार होऊन बाहेर आली तेव्हा तिचा फ्रॉक आणि सँडल एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून कुणी तरी आमच्याकडे दिले. ती पिशवी मुक्तानं घेतली. मिरवणुकीच्या दोरीमागे ती तासभर ती पिशवी छातीशी धरून उभी होती. रथ आला. बँड वाजत होता, वरून कागदाची फुलं पडत होती. मुक्तानं हात वर करून "सावी, सावी" अशा हाका मारल्या. सावीला त्या ऐकू गेल्या नाहीत. ती समोर बघत होती, हसत होती, आणि खरंच फार गोड दिसत होती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

मिळाल्यावर काय वाटलं? आनंद वाटला. खोटं कशाला बोलू. त्या वेळी मला नुसता आनंदच वाटला.

पाकिटातल्या उरलेल्या पैशांतून मी सावीचा रथातला मोठा फोटो विकत घेतला. तो अजून पार्लरमध्ये आहे. आणि मुक्ताला मोठं आइस्क्रीम आणि एक किचेन घेऊन दिलं. म्हटलं, "हे माझ्याकडून." तिच्या आईच्या बकऱ्यांच्या पैशातलं आइस्क्रीम, माझ्याकडून. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले.

परत आल्यावर ताईनं विचारलं, "पैसे पुरले न?" मी म्हटलं, "बरोबर पुरले." तिनं पुढे विचारलं नाही. मुक्ताही आईजवळ काही बोलली नाही. मला आठवडाभर धाकधूक होती, मग तीही गेली. पोर विसरली, असं मी धरून चालले.

ती विसरली नव्हती. पण तिचं मन आईपासून दूर वळत होतं, ते मी पाहिलंच नाही, किंवा पाहूनही वेगळं समजले. मुक्ता आमच्याकडे जास्त यायला लागली. दहावीनंतर म्हणाली, तुमसरला काकूकडेच राहून शिकीन. दोन वर्षं राहिली. केस मीच कापायचे तिचे, पोट दुखलं तरी मलाच सांगायची. आईचा फोन आला तर "हो, बरं, ठेवतो" एवढ्यात आटपायची. ताई एकदा हसत म्हणाली, "माही पोरगी तुहीच झाली आता, जया." मला त्याचा अभिमान वाटला. मी किती चांगली काकू आहे, असं वाटलं. अकरा वर्षांच्या पोरीला मी तिच्या आईपासून एका वाक्यात तोडलं होतं आणि मग तिची माया वर्षानुवर्षं ओंजळीत घेत होते. हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. रोज नाही, पण कळत होतं.

गेल्या वर्षी मुक्ताला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आम्ही गावी गेलो होतो. दुपारची वेळ, ताई अंगणात सुपात तांदूळ निवडत बसलेली, मी शेजारी. बोलणं राहण्याच्या सोयीवर आलं. ताई म्हणाली, पहिलं वर्ष नागपूरच्या मावशीकडे राह्य, मग होस्टेल पाहू. साधं बोलणं होतं. मुक्ता भिंतीला टेकून उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली,

"तुले माह्यासाठी खर्च कराले नेहमीच जड जाते, आई. सावी रथात बसली होती अन् मी तिचे कपडे धरून उभी होती. तूच नाई म्हटलं होतं न काकूले? मी कधी बोलली का? पण इसरली नाई मी."

ताईचे हात सुपात थांबले.

तिनं मुक्ताकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. आधी तिला काही कळलंच नव्हतं, आणि मग कळलं — ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं तोंड उघडलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मुक्ता समोर होती, तिची आई समोर होती, तिसरं कुणी नव्हतं.

मी मान खाली घातली आणि सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"चुकलं माह्यं, बाई," ताई मुक्ताला म्हणाली. "तवा हातात पैसे नव्हते. होस्टेलले राह्य तू."

चहा झाल्यावर मी कप घेऊन मागच्या नळावर गेले. ताई मागून आली. नळ सुरू केला आणि पाण्याच्या आवाजात हळूच विचारलं, "काहून, जया?"

मी म्हटलं, "ताई —" काय सांगणार होते? तुझी पोरगी माझ्या पोरीपेक्षा देखणी आहे म्हणून?

तिनं नळ थोडा मोठा केला. मग म्हणाली, "आता तिले खरं नाई सांगत मी. नागपूरले एकटी राह्यन ती. आईवर तं भरोसा राह्यला नाई तिचा. तुह्यावरचा बी गेला, तं ती कोनापाशी जाईन?" माझ्या हातातले कप तिनं काढून घेतले. "जा तुमी. मी धुतो."

गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं — तुमी. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ती मला तू म्हणायची. त्या दिवसानंतर कधी म्हणाली नाही. फोन करते, सगळ्यांची चौकशी करते, नवे तांदूळ पाठवते, आणि तुमी म्हणते. घरात दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मुक्ताचा फोन आला. पार्लरमध्ये गिऱ्हाईक होतं, मी फोन कानाला लावून बाहेर पायरीवर गेले.

"काकू, पास झाली मी. पयलं वर्ष निघालं. सगळ्यात आधी तुमालेच फोन केला. आईले मंग सांगतो."

तिचा श्वास लागलेला होता, पळत आली असावी. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता. पलीकडे तिच्या गावी तिची आई दिवसभर त्याच फोनची वाट बघत असणार, हे मला माहीत होतं.

"बरं बेटा," मी म्हटलं. "आईले सांग सावकाश."