हवा कुठून येते?

इमारतीत हवा कुठून शिरते ते शोधायचं, म्हणजे एसीची वीज वाया जात नाही, हे आमचं काम. दारात मोठा पंखा बसवून आतली हवा बाहेर खेचायची. मग धुराची कांडी घेऊन भिंतीकडेने फिरायचं. धूर थरथरला की तिथे फट! भिवंडीत गोदामं एवढी, की किस्से साठतच जातात. मित्रांना वाटतं, आता हसायला मिळेल. हसण्यासारखे थोडेच आहेत.

*

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात वयस्कर वॉचमन आमचं काम कौतुकाने बघत होता. ही मशीन खोलीवर आणता येईल का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आणू की. तो जरा विचारात पडला.

"रहने दो साहब. हमारे यहाँ दरार पहले थी, दीवार बाद में बनी."

*

एका पॉवरलूमवाल्याच्या मुलाने वडिलांसाठी नवा फ्लॅट घेतला. दुहेरी काचा, सगळं सीलबंद. आमच्या टेस्टमध्ये धूर जागचा हलला नाही. मुलगा खूश झाला. म्हातारबाबा मात्र खिडकीला कान लावून उभे होते.

"बेटा, लूम की आवाज़ नहीं आएगी, तो नींद कैसे आएगी?"

*

पडघ्याच्या कोल्ड स्टोरेजला मागच्या दाराखालून गार हवा बाहेर जायची. आम्ही ती फट बुजवून घेतली. पुन्हा गेलो, तर माल भरणाऱ्या बायका भर उन्हात त्याच दाराला पाठ टेकून जेवत होत्या. एकीने मला ओळखलं.

"गार वारा तुम्हीच बंद केला ना, भाऊ?"

रागावली नव्हती. नुसतं विचारत होती.

*

आमच्या टीममधले भोईरदादा इथल्याच शेलार गावचे. त्यांच्या घरची शेती विकली गेली आणि तिथे गोदाम उभं राहिलं. नेमकं तेच आमच्याकडे टेस्टला आलं. मी म्हटलं, दादा, तुम्ही नका येऊ. ते आलेच.

पंखा सुरू केला. भिंती ठीक होत्या. पण मधोमध फरशी खचून तडा गेला होता आणि धूर तिथे जोरात उडत होता. जमिनीखालून हवा येत होती. मॅनेजर म्हणाला, इथे जुनी विहीर बुजवली होती, भराव बसला असेल. आजच सिमेंट भरून घेतो.

दादा पुढे झाले. बूट काढून बाजूला ठेवले, गुडघ्यांवर बसले आणि तोंड तड्याजवळ नेलं. बराच वेळ तसेच होते. मॅनेजरने घड्याळ बघितलं, म्हणून मी पंख्याच्या बटणाकडे वळलो.

"बंद नको करू," दादा खालूनच म्हणाले. "पान्याचा वास येतो हाय."