सात वाजताची मालिश

आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक सिद्धांत आहे. माणसाची निम्मी दुखणी थंडी लागल्यानं होतात आणि उरलेली निम्मी ती थंडी अंगातून न निघाल्यानं. ग्वाल्हेरात हजीऱ्याच्या एका शाळेत ते पी.टी. मास्तर होते. मैदानावर पोराच्या पोटरीत गोळा आला की यांच्या खिशातून सरसोंच्या तेलाची बाटली निघालीच म्हणून समजा. आमचे पूर्वज घोड्यावर बसून दख्खनेतून इकडे आले, असं ते पाहुण्यांना छाती काढून सांगतात. त्या घोड्यांना मालिश करणारेही आमचेच असतील, असं माझी बायको म्हणते, अर्थात ते खोलीत नसताना.

त्यामुळे माझ्या दुखण्याला नाव मिळालं तेव्हा आबांनी त्यातले दोनच शब्द ऐकले, 'नसांचा आजार'. पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. लसूण आणि ओवा घालून तेल कढवायला ते स्वयंपाकघरात गेले.

नाव होतं मल्टिपल स्क्लेरोसिस. मी पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो. एका सकाळी मुलांच्या शीट तपासताना माझी लाल पेन्सिल विटकी दिसायला लागली. पेन्सिलवाल्याला दोन शिव्या हासडल्या, नवी पेन्सिल काढली, तीही विटकी. मग सहज उजवा डोळा झाकला, तर समोरचा सगळा वर्गच धुरकट झाला. उजव्या डोळ्यानं पाहिलं तर लाल रंग लालच होता. रंग पेन्सिलीत नव्हे, माझ्या डाव्या डोळ्यामागच्या नसेत उतरला होता.

डॉक्टरीणबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडापुढे धरली. माणसाच्या डोक्यात आत काय असतं ते मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते डोकं माझंच होतं. करड्या मेंदूत भिजवलेल्या पोह्यांएवढे पांढरे डाग. त्या म्हणाल्या, शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून नसांवरचं आवरण कुरतडतात, तिथं असा डाग पडतो आणि निरोप अडखळतो. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण भीतीच्या आधी जे वाटलं ते नवल होतं. जन्मभर मी रेघा काढल्या, मुलांच्या जाडबारीक रेघांवरून त्यांची डोकी खाल्ली. आणि इथं, कुठल्याही पेन्सिलीला काढता येणार नाही इतक्या बारीक तारेवरून 'पाऊल उचल' हा हुकूम डोक्यातून टाचेपर्यंत जात होता, दिवसातून हजारदा, आणि मी त्याची कधी विचारपूसही केली नव्हती.

स्टिरॉइडच्या सलाइननं डोळा बराचसा परतला. मग पुढचे हल्ले रोखायला औषध ठरवायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर तीन खाने पाडले: घरी टोचायची इंजेक्शनं, रोजच्या गोळ्या-कॅप्सूल, आणि ठरावीक महिन्यांनी दवाखान्यात घ्यायचं सलाइन. पडलेले डाग यातलं कुठलंच पुसत नाही, नवे पडू नयेत म्हणून ही खटपट. औषधाचा जोर वाढतो तशी राखणही वाढते, रक्ताच्या तपासण्या, इन्फेक्शनवर नजर. काहींना सुरुवातच जोरदार औषधानं करतात, तुमचे डाग पाहता दोन्ही वाटा खुल्या आहेत, असं त्या म्हणाल्या. मी कॅप्सूल निवडली, सकाळ-संध्याकाळ एक. ती घेतली की सुरुवातीला तोंड आणि कान लालबुंद व्हायचे. आबांना त्याचा कोण आनंद! "गरमाई चढून राहिली आहे. औषध चांगलं आहे."

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात घसरण लागली.

सकाळी मी ठीक असायचो. कॉलेजात उभा राहून दोन तास शिकवायचो. संध्याकाळ झाली की पाय शिशाचे व्हायचे, डावा पंजा फरशीला घासायचा, डोळ्यापुढं पुन्हा ते धुकं. माझी मुलगी, जी आमच्याशी मराठीत सुरू होऊन हिंदीत संपते, एक दिवस म्हणाली, "बाबा, तुम्ही परत पाय घसीट के चल रहे हो." बायकोनं तिला डोळ्यांनी दटावलं. पण पोरगी खरं तेच बोलली होती.

आबांची मालिश पहिल्यापासून होतीच, त्या हिवाळ्यात थंडी पडताच त्यांनी ती वाढवली होती. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी म्हणजे पाण्याला हात लावला की हाडापर्यंत कळतं. रोज सायंकाळी सातला दारं-खिडक्या बंद, खोलीत हीटर, कढत तेलानं मांडीपासून तळव्यापर्यंत मालिश, मग कढत पाण्याची आंघोळ, मग कानटोपी घालून रजईत. पंचाहत्तरीच्या माणसाच्या कपाळावर घाम यायचा. मी नको म्हटलं की त्यांचा पुरावा तयार असायचा. "रात्री लंगडत झोपतो आणि सकाळी ठणठणीत उठतो. हे कशानं? सांग ना." सकाळी मी खरंच ठणठणीत उठायचो.

माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट कुरतडत होती. औषध हरलं. कॅप्सूल कामाची राहिली नाही, आता सलाइनवर जावं लागणार. सलाइन वाईट असतं असं नाही, हे मला समजावून झालं होतं. पण मनाला ती जिन्याची एक पायरी खाली वाटत होती, आणि खाली अजून किती पायऱ्या आहेत ते कुणी सांगत नव्हतं. चिडचिड इतकी वाढली, की एका मुलाची शीट मी एका वाकड्या रेघेपायी फाडली. दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली, तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त ओशाळला.

औषध बदलण्याआधी डॉक्टरीणबाईंनी नवा एमआरआय काढायला लावला, आणि पंधरा दिवस रोज कधी काय होतं ते लिहून आणायला सांगितलं. मी ड्रॉइंगचा मास्तर. लिहितो कशाला, ग्राफच काढला. आडव्या रेषेवर दिवसाचे तास, उभ्या रेषेवर पायांचा जडपणा.

दवाखान्यात आबा बरोबर आले होते, फाइल छातीशी धरून. बाईंनी नवी फिल्म पाहिली, जुनी पाहिली, पुन्हा नवी पाहिली. एकही नवा डाग नव्हता. मग त्यांनी माझा ग्राफ पुढे ओढला. पंधराही दिवसांची रेघ दिवसभर सपाट चालत होती आणि एकाच जागी टेकडीसारखी उठत होती.

"रोज सात बजे क्या होता है घर में?" त्यांनी विचारलं.

"मालिश!" आबाच बोलले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, मैदानावर उभं राहून सांगावं तसं. तेल किती कढवायचं, लसणाच्या पाकळ्या किती, हीटर किती फुटांवर ठेवायचा, आंघोळीचं पाणी किती कढत. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि सातची टेकडी कशाची ते माझ्या लक्षात आलं होतं. आबांच्या अजून आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं आता शाबासकी मिळणार.

बाई खुर्ची ओढून त्यांच्यापुढे बसल्या. "अंकलजी, इस बीमारी में गर्मी से नस का सिग्नल धीमा पड़ जाता है. शरीर ठंडा हुआ कि वापस. सुबह ये ठीक उठते हैं, क्योंकि तब तक शरीर ठंडा हो चुका होता है." खरा हल्ला असा तासाभरात येत-जात नाही, तो चोवीस तासांहून जास्त टिकतो, तसं झालं तर लगेच या, हे त्यांनी मला सांगितलं. औषध बदलायची आज गरज नव्हती. उद्या पडली तर बदलू, ती हार नसते, असंही म्हणाल्या.

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालं असतं. मला हसावं की रडावं कळेना. आबांनी फाइलचा बंद पुन्हा बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"तो मैंने ही..." ते म्हणाले.

"नुकसान कुछ नहीं हुआ," बाई लगेच म्हणाल्या. "गर्मी से नस खराब नहीं होती. और मालिश तो अच्छी चीज़ है, अकड़न खुलती है. बस, गरम मत कीजिए."

पण आबांनी त्यातलं 'नुकसान' एवढंच ऐकलं. मी त्यांना ओळखतो.

त्या संध्याकाळी मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. आबा नको नको म्हणत असताना मी शेवटची कढत आंघोळ केली, बायको दाराशी उभी. मग बैठकीत खुर्चीवर बसून उजवा डोळा झाकला. समोरच्या भिंतीवर मराठी दिनदर्शिका असते, पुण्याची मावसबहीण दर वर्षी पाठवते. तारखांचे मोठे आकडे होते, त्यांच्याखालच्या तिथ्या नव्हत्या. तिथं नुसती करडी धूळ. मुलीनं नळाच्या पाण्यानं भरलेली बादली आणली, मी पाय आत घातले, ओला पंचा मानेवर घेतला. दात वाजायला लागले. मग त्या धुळीतून आधी काने वर आले. मग मात्रा. मग कुणीतरी आत बसून हळूहळू टाक फिरवतंय अशी अक्षरं भरत गेली, आणि मी मोठ्यानं वाचलं, "संकष्ट चतुर्थी."

मुलीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी चतुर्थी पुन्हा धूसर झाली आणि आम्ही सगळे घाबरलो. मग हसलो. केवढं हे यंत्र! आवरण फाटलंय, तार उघडी पडलीय, तरी जरासा गारवा मिळाला की निरोप पोचवतंय. देवळात हात जोडताना मला जे कधी झालं नाही ते त्या बादलीत पाय घालून झालं. मी नतमस्तक झालो, दुसरा शब्द नाही.

त्यानंतर माझी गाडी रुळावर आली. व्यायाम सकाळी गारव्यात, थकवा येण्याआधी विश्रांती, वर्गात स्टूल. पण आबांनी मला हात लावणं सोडलं. तेलाची बाटली माळ्यावर गेली. सात वाजले की ते उठून माधवगंजच्या देवळाकडे चालायला जायचे आणि जेवायच्या वेळेला परतायचे. मी जिना उतरताना दंड धरायला पुढं यायचे आणि हात मध्येच मागे घ्यायचे. फिजिओथेरपिस्टनं पाय ताणून द्यायला घरच्यांना शिकवलं, तेव्हा हे गॅलरीत. मला त्यांचा राग यायचा. मग स्वतःचाच यायचा. ज्या हातांनी मला चालायला शिकवलं ते हात माझ्यामुळे भ्यायले होते, आणि ती गोष्ट मला जड पायापेक्षा जड जात होती.

एप्रिलअखेर लू, म्हणजे इकडचा उन्हाळ्यातला तापलेला वारा, सुरू झाली. एका दुपारी ई-रिक्षातून उतरलो तेव्हा पाय ओल्या पोत्यासारखे झाले होते. कसाबसा घरात आलो, थंड पाण्यासाठी फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात दुधाच्या पिशवीशेजारी आबांची तेलाची बाटली होती. तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर पी.टी. मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'थंड. खायचे नाही.' बाटली जवळजवळ भरलेली होती. कधीपासून ठेवली होती कुणास ठाऊक. बायकोला विचारलं, तर म्हणाली, "महिना होऊन गेला. विचारायची हिंमत होत नाही त्यांची."

संध्याकाळी सातला ते चपला घालत होते. मी कूलरपुढे बसलो होतो. म्हटलं, "आबा, पाय आखडलेत. मालिश कराल?"

ते थांबले. चपला काढल्या. फ्रिजपाशी गेले, मग मोरीकडे वळले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी वाकून पाहिलं. माठातलं पाणी पातेल्यात घेऊन ते त्यात मनगटापर्यंत हात बुडवून उभे होते.

"हे काय चाललंय?"

"हात गरम असतात माझे," ते म्हणाले. "थंड होऊन जाऊ दे."

"आबा, तेवढी गरमी चालते."

"डॉक्टरला विचारलंस?"

"विचारलं," मी म्हणालो. विचारलं नव्हतं.

ते खाली बसले, माझा डावा पाय मांडीवर घेतला. तेल इतकं गार की मी दचकलो. त्यावरून त्यांचे हात फिरायला लागले, आधी घाबरत, मग सवयीनं, पोटरीवर अंगठा रुतवून. झाल्यावर पंचाला हात पुसले आणि भिंतीकडे बोट केलं.

"वाच."

मी उजवा डोळा झाकला. "मोहिनी एकादशी."

"बरोबर?" त्यांनी मुलीला विचारलं. ती खेळायला गेली होती. मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले, चष्मा शोधला, भिंतीशी जाऊन नाक टेकेपर्यंत वाकले, आणि तिथूनच मला म्हणाले, "बरोबर आहे. मला तर इतक्या दुरून दिसतच नाही रे."