किरणांचा कांदा

माणिकचंद शेठांचा आळेफाट्याला कांद्याच्या आडतीचा गाळा आहे. आजोबा मारवाडातून आले, पण शेठ बोलायला लागले की आमच्यापेक्षा गावरान. जन्म कांद्यात गेला, पण कांदा कधी तोंडात घातला नाही, कारण जैनांना जमिनीखालचं चालत नाही. आम्ही त्यावरून थट्टा करायचो, तेही हसायचे. टपरीवर त्यांची बिनकांद्याची पोह्यांची प्लेट न सांगता यायची.

यंदा आमच्या गावच्या माळावर एका कंपनीचं कांद्याला किरणं देणारं केंद्र काढायचं घाटत होतं. दर पावसाळ्यात बराखीत साठवलेल्या कांद्याला कोंब फुटतात आणि अर्धा माल उकिरड्यावर जातो. किरणं दिली की कोंब येत नाहीत. शेठांनी असं एक केंद्र स्वतः जाऊन पाहिलं, त्यांना पटलं, आणि ग्रामसभेत ठराव व्हावा म्हणून त्यांनी आपला शब्द खर्ची घातला.

सभेला मुंबईहून शास्त्रज्ञ साहेब आले. विद्वान होते, वाद नाही. पण पडद्यावर आलेख लावून ‘मात्रा’, ‘अर्धायुष्य’, ‘स्वीकारार्ह जोखीम’ असं इतका वेळ चाललं, की पुढे बसलेले आमचे भिमाजीबाबा घोरायला लागले. मग माळाला लागून जिचं रान आहे ती प्रयागबाई उठली.

“सायेब, ते किरणांचं यंतर पान्याच्या हौदात ठेवत्यात म्हनं. हौद गळला तर माझ्या हिरीचं काय?”

“गळतीची शक्यता नगण्य आहे.”

“म्हंजी हाय.”

“शून्य जोखीम विज्ञानात नसतेच, बाई.”

झालं! माझं डोकंच फिरलं. माणूस खरं बोलला, पण सांगायची ही काय तऱ्हा? अहो, हौदाला पोलादी अस्तर असतं, पाणी सतत तपासतात, एवढं सांगा ना! ते शेवटी शेठांनी उठून सांगितलं. “अन् किरणं कांद्यात ऱ्हात न्हाईत. उन्हात वाळवलेल्या कुरडईत ऊन ऱ्हातं का?” लोकांच्या माना हलल्या.

मग किरणं दिलेला कांदा चिरून ताटातून फिरवला. साहेबांनी खाल्ला. मागून कुणीतरी म्हणालं, “त्यो पगारी मानूस, खानारच.” मी खाल्ला. “गोरखचं काय, त्यो गुटखा बी पचवतो!” शेवटी प्रयागबाई म्हणाली, “शेठ, तुमी सांगताय, तर तुमी खा.”

“मी कांदा खात न्हाई, ठावं हाय ना तुमाला?”

ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी ठराव पुढच्या सभेवर ढकलला, आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो एकच सांगायला लागला, की शेठनं सोता खाल्ला न्हाई.

पुढच्या सभेत शेठ उठून ताटापाशी गेले. एक फोड उचलली, डोळे मिटले आणि खाल्ली. घरी बायकोला, सज्जनबाईंना, सांगून आले होते. नेम मोडणार म्हणून त्या दिवसभर उपाशी बसल्या होत्या. मला वाटलं, आता तरी पटेल.

भिमाजीबाबा शेजारच्याकडे वळून म्हणाले, “धरम सोडला राव! मंग कंपनीनं लईच चारलं आसंल.”

ठराव पडला. साहेब लॅपटॉप मिटून निघून गेले, त्यांना दुसरी गावं आहेत. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त आमचा आला. खात नाही म्हणून खोटा, खाल्ला म्हणून विकला गेलेला. मग त्या माणसानं करायचं तरी काय होतं?

बाजाराच्या दिवशी मी गाळ्यावरच होतो. प्रयागबाईचा कांदा आला. एरवी ती गोण्या उतरवून भाजीपाल्याला निघून जायची, वजन शेठ सांगतील ते. त्या दिवशी ती काट्यापाशी उभी राहिली.

“माझ्यासमूर मोजा,” ती म्हणाली.

हमाल शेठांकडे बघायला लागला. शेठांनी काट्याचा आकडा तिच्याकडे वळवला आणि स्वतः मागे सरले.

“बघा, प्रयागबाई,” ते म्हणाले. “नीट बघून घ्या.”