घडी घातलेला एप्रन

सांगलीच्या आमच्या इस्पितळात शिशाचा एप्रन आला तेव्हा त्याचं स्वागत दिवाळसणाच्या जावयासारखं झालं. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांची ती देणगी होती. नारळ फुटला, हार पडले आणि अध्यक्षांनी एप्रन स्वतः अंगावर चढवून फोटो काढून घेतला. क्ष-किरणांपासून शरीराचं रक्षण करणारी ही वस्तू, असं प्रास्ताविकात कुणीतरी सांगितलं. अध्यक्ष त्या वेळी क्ष-किरणांपासून चांगले दोन इमारती दूर होते. नंतर एप्रनची नीट घडी झाली आणि डांबराच्या गोळ्या टाकून तो शालूसारखा कपाटात गेला. एवढी महागाची वस्तू रोज वापरून खराब कोण करणार?

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी तिथे भूल द्यायचे. आमचे मुख्य सर्जन मुतखड्यासाठी प्रसिद्ध होते, पार खटाव-माणपासून माणसं यायची. खडा मूत्रनलिकेत अडकला असेल तर ते खालून बारीक नळी घालत, वाट उठून दिसेल असं औषध सोडत आणि क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर बघत बघत खडा तारेच्या इवल्या जाळीत धरत. यंत्राचं पेडल त्यांच्या पायाखाली असे. एकदा पाय ठेवला की तो उचलायचं त्यांना सुचत नसे. पाहुणे डॉक्टर आलेले असले तर मूत्रपिंडाचं दर्शन देवळातल्यासारखं सावकाश चाले. एप्रन ते घालत नसत, उकडतं म्हणून. घराणं साताऱ्याकडचं, फौजेतलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीला भ्यायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटे.

त्या वर्षी, लग्नाला बराच काळ लोटल्यावर, मला दिवस राहिले. मी आणि नवरा घरात कारणाशिवाय हसत फिरत होतो. साताऱ्याहून सासूबाईंचं एकच सांगणं होतं: तिसरा महिना सरेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही, नजर लागते. इकडे माझी पुस्तकं सांगत होती की क्ष-किरणांचा धोका पोटातल्या जिवाला याच महिन्यांत मोठा. म्हणजे सांगणं ज्या दिवसांत सगळ्यांत गरजेचं, नेमकी त्याच दिवसांत आमच्याकडे सांगायला बंदी. मी नजर मानत नव्हते. पण इतकी वाट बघून मिळालेल्या गोष्टीबाबत नास्तिकसुद्धा जरा बेताने वागतो.

म्हणून कारण न सांगता मी एप्रन मागितला. सर म्हणाले, खुशाल घ्या. वर, भूल देणाऱ्यांनाही आता चिलखत लागायला लागलं का, असं विचारून घेतलं. घालण्याआधी मी क्ष-किरणवाल्याकडून त्या एप्रनचाच फोटो काढवला. अध्यक्षांच्या फोटोनंतरचा त्याचा हा दुसरा फोटो. शिसं किरण अडवतं, तेव्हा फिल्म कोरी यायला हवी होती. पण जिथे जिथे घडी पडली होती तिथे काळ्या रेघा उमटल्या होत्या. घडीवर शिसं तडकलं होतं, आणि सगळ्यांत रुंद रेघ बरोबर पोटावर होती.

नवा एप्रन मुंबईहून यायला महिने लागणार होते आणि सोमवारी खड्याचं ऑपरेशन होतं. रविवारी मी ती फिल्म घेऊन साताऱ्याची एसटी धरली.

सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि हे यंत्र नक्की करतं काय, ते विचारलं. कपड्यातून, कातडीतून आरपार जातं आणि आतलं दाखवतं, मी म्हटलं. त्या पुन्हा गवारीकडे वळल्या. बऱ्याच शेंगा मोडून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे थेट पोटात बघतं?"

"हो."

"अगं, शेजारणीची नजर निदान पदराशी तरी अडते. उद्या गेल्या गेल्या त्या डॉक्टरला सांग."

मी तीन महिन्यांची आठवण दिली.

"ते माणसांसाठी. यंत्राला कसला आलाय महिना?"

धर्माचा इतका स्वच्छ निकाल मी कुठल्या कीर्तनात ऐकला नव्हता.

सोमवारी मी सरांना सांगितलं. भाषण ऐकायची तयारी ठेवली होती. पण आधी का बोलला नाहीत, एवढंच त्यांनी विचारलं. मी सासूबाईंचा नियम सांगितला तशी त्यांनी गंभीरपणे मान हलवली. हा नियम त्यांच्याही घरी होता. आम्ही ठरवलं की पेडल दाबण्याआधी ते हाक देतील, मी भिंतीआड जाऊन काचेतून रोग्याचा श्वास बघेन आणि त्यांनी पाय उचलला की परत येईन. म्हणजे त्यांना पाय उचलावा लागणार होता.

रोगी वडूजचा एक शेतकरी होता. पाठीत सुई दिलेली, त्यामुळे कमरेखाली बधिर आणि वर टक्क जागा. माझ्या चार-पाच फेऱ्या बघून तो म्हणाला, "आवं बाई, सारख्या आत-भाईर काय करताय? चुलीवर दूध ठिवून आलाय व्हय?"

सर खड्यावरची नजर न काढता म्हणाले, "व्हय. आन त्ये उतू जाऊ द्यायचं न्हाई."

मी मास्कच्या आत हसत भिंतीआड पळाले. खडा आला, तोही नेहमीपेक्षा लवकर. सर हातमोजे काढताना स्वतःवरच वैतागले होते. खडा तर एका झलकेत दिसतो, ते म्हणाले, बाकीचा वेळ आपण नुसतं कौतुक बघत बसतो. त्यानंतर त्यांचा पाय पेडलवर रेंगाळला नाही. नवा एप्रन आला तेव्हा तो माझ्या पोटावर बसेना. मग तो सरांनीच घातला, कुरकुरत, घामाघूम होत. तो खुंटीवर टांगला जातो की नाही, यावर मात्र त्यांचं बारीक लक्ष असे.

मुलगी साताऱ्यात झाली. ठणठणीत, आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. सर सांगलीहून मुद्दाम बघायला आले, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी पाळण्याकडे हात नेला तोच सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या. "इस्पितळातून आलात ना? आधी हातपाय धुऊन या."

सरांनी पेढे माझ्याकडे दिले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोरी कुठे आहे ते विचारलं.