अमीनसाहेबांचं हृदय आणि माझा बंदोबस्त

विषय : बंद पडून पुन्हा चालू झालेल्या हृदयाच्या बंदोबस्ताबाबत.
संदर्भ : अस्मादिकांची अक्कल.

उपरोक्त विषयी सविनय सादर की, माती मीच खाल्ली. चहा निवला तर निवू द्या, आधी ऐका.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी उमरग्याच्या कचेरीत कारकून. आमचे अव्वल कारकून अमीनसाहेब एका सकाळी शेरा लिहिता लिहिता कोसळले. श्वास न्हाय, नाडी न्हाय. शेजारच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर धावत आले आणि त्यांना जमिनीवर निजवून दोन्ही हातांनी छाती दाबू लागले. मेलेल्या माणसावर हा कसला राग काढतोय? आम्ही बघतच राहिलो. अन् अमीनसाहेब खोकले!

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "हृदय चालू झालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. खरी निगराणी आता. पडून राहू द्या, बोलू देऊ नका. पुन्हा बंद पडायची भीती आहे. सोलापूरहून मोठे डॉक्टर बोलावलेत. तोवर त्यांच्या बेगम सोडून कुणी आत जाता कामा नये."

दारावर मी बसलो. पण मरून परत आलेला माणूस बघायला कुणाला आवडत नाही? जत्राच लोटली. एकजण "मी डॉक्टर हाय" म्हणत आत घुसला आणि अमीनसाहेबांना विचारतो, "तिकडं आमचं म्हातारं दिसलं का हो?"

निघाला गुरांच्या दवाखान्यातला शिपाई!

डॉक्टरांनी मला झाडलं. म्हणून मी सरकारी तोडगा काढला. लेखी अर्जाशिवाय प्रवेश नाही.

डॉक्टर जेवायला घरी गेले आणि एक गृहस्थ आले. धुळीनं माखलेले, अंगाला कांद्याचा वास, हातात लाकडी पेटी.

"पेशंट कुठं आहे?"

"आपण कोण?"

"मी डॉक्टर."

"व्हय का! सकाळपासून तुम्ही दुसरे."

"अहो, नळदुर्गजवळ गाडी बंद पडली. कांद्याच्या ट्रकमधून आलोय."

"कशातूनबी या. अर्ज करा."

बिचाऱ्यांनी केला. अक्षर असं, की एक शब्द लागेना. तेव्हा तरी ओळखायला नको होतं का? पण मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब आले की मांडतो. तोवर बाकावर बसा."

एवढ्यात अमीनसाहेबांच्या बेगम घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. "भाई, इनों पसीना-पसीना हो रहें! डागदर कू बुलाव!"

मी धोतर सावरत धावलो आणि जाता जाता बाकावरच्या गृहस्थांना बजावलं, "पाव्हणं, जरा दार सांभाळा. कुणाला आत सोडू नका!"

डॉक्टरांना खरकट्या हातानं घेऊन आलो, तर बाक रिकामा. आत पेटी उघडलेली, तिच्या तारा अमीनसाहेबांच्या अंगाला लावलेल्या आणि ते गृहस्थ शांतपणे सुई टोचतायत. आमचे डॉक्टर दारातच वाकले. "सर, तुम्ही कधी आलात?"

"मघाशीच. पण माझा अर्ज यांच्याकडं आहे."

अमीनसाहेब वाचले. बऱ्याच दिवसांनी कचेरीत आले, तेव्हा मी मान खाली घालून उभा. ते म्हणाले, "घाबरू नको रे. मौतचा फरिश्ता आला होता ना, त्यालाबी तू अर्जच मागितला असशील. म्हणून तर परत गेला!"

सगळी कचेरी हसली. पुढं साहेब निवृत्त झाले, मीही झालो.

सोलापूरच्या डॉक्टरांचा आत जाण्याबाबतचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.