पाळीने वाचलेल्या कादंबऱ्या

परदेशात विज्ञान कादंबऱ्यांना दरवर्षी एक मोठं बक्षीस मिळतं. त्याची जुनी यादी मला धामणकर नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडे एका फाटक्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सापडली. विजेत्यांखाली नुसतं नामांकन मिळून हात हलवत परतलेल्यांचीही नावं होती. आम्हाला तीच जवळची वाटली. माल पसंत पडतो आणि ऑर्डर दुसऱ्याला जाते, हे भिवंडीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझे भागीदार. त्यांना मी भाई म्हणतो. नारपोलीत आमची पॉवरलूमची छोटी शेड होती. दिवसपाळी त्यांची, रात्रपाळी माझी. दोघांनीही बी.एस्सी. अर्धवट सोडलेलं, त्यामुळे विज्ञानाबद्दल आदर अफाट आणि माहिती बेताची. अख्खी यादी वाचून काढायचं ठरलं. पुस्तक अर्थातच दोघांत एक.

चूक इथेच झाली, आणि ती लूमवाल्यांच्याच हातून होऊ शकते. आमच्याकडे पाळी बदलली की नवा माणूस कापड पहिल्यापासून विणत नाही, आधीच्याने सोडलं तिथून पुढे चालवतो. जाणारा एवढंच सांगतो की चार नंबरच्या लूमवर सुताची तार सारखी तुटतेय, लक्ष ठेव. कादंबऱ्याही आम्ही तशाच वाचल्या. सकाळी आठला मी पानात दोरा घालून पुस्तक भाईंच्या हातात द्यायचो आणि सांगायचो, यान मंगळाजवळ आहे, कॅप्टनचं डोकं फिरलंय. संध्याकाळी आठला ते मला पुढचं सांगायचे. अशा बारा वर्षांत सत्तावीस झाल्या. माझी मुलगी म्हणाली की बाबा, तुम्ही दोघांनी मिळून सत्तावीस वाचल्यात, एकेकट्याने एकही नाही. मला रागच आला, कारण ती बरोबर होती.

मग शेड बंद झाली आणि साखरेने भाईंचे डोळे धरले. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर दिसेल. भाईंनी ठरवलं की यादीतलं नवीन काही नको, माझ्या पाळीतली, त्यांची राहून गेलेली पानं तेवढी वाचायची. सगळ्यांनी त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं. माझी मात्र पाचावर धारण बसली. एकदा पाळी बदलताना मी त्यांना खोटं सांगितलं होतं.

तेव्हा त्यांचे वडील आयसीयूत होते. यानावरचा म्हातारा इंजिनिअर नेमका माझ्या पाळीत मेला. हॉस्पिटलमधून थेट शेडवर आलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी म्हणालो, म्हातारा सुखरूप घरी पोचला. दोन दिवसांनी वडील गेले.

ते पुस्तक हातात आलं तेव्हा भाईंनी मला टेमघरला घरी बोलावलं. भिंग अजून पानावरच होतं.

"म्हातारा मेलाय रे यात," ते म्हणाले.

मी कबूल केलं, माफी मागितली.

"मी तेव्हा पुढची दोनशे पानं त्याला शोधत होतो. कुठे येईच ना. म्हटलं, लेखकच विसरला असेल, म्हणून तर याचं बक्षीस हुकलं."

मी हसलो. भाई हसले नाहीत.

"अब्बांना दफन करून आलो ना, तेव्हा मनात आलेलं, चला, एक म्हातारा तरी घरी पोचला."

भाईंनी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं.

"डोळे गेले की तूच वाचून दाखवणार. तेव्हा जो मरेल त्याला मरू दे. मला कळायला पाहिजे, कोण राहिलंय."

डॉक्टरांनी दिलेलं वर्ष आठ महिन्यांतच संपलं. आता दुपारी जाऊन मीच वाचतो, इंग्रजी वाक्य आणि लगेच त्याचा मराठी अर्थ. काल गोष्टीत एक लहान मुलगी तापाने फणफणली होती. पान उलटताना माझी नजर खालच्या ओळीवर गेली आणि मी थांबलो.

"वाच," भाई म्हणाले.

मी वाचलं.